हशासाठी राखीव जागा

‘नवरा हवा, उंच’ हे संगीत नाटक न्यूयॉर्कमध्ये दोन वर्षं तुफान चाललं. लोकांना ते फार आवडलं, म्हणून हॉलिवूडच्या मेरिडियन स्टुडिओने ते वाजतगाजत विकत घेतलं. आणि घेतल्या दिवसापासून लोकांना त्यातलं जे जे आवडलं होतं ते शोधून शोधून काढून टाकायला सुरुवात केली. चौदांपैकी दहा गाण्यांना नारळ मिळाला. नाटकातली नायिका शिवणकाम करणारी, चष्मा लावणारी पोरगी होती. सिनेमात ती पोहणारी झाली, कारण जिच्याशी करार झाला होता त्या नटीला शिवता येत नव्हतं, पोहता येत होतं. गाताही येत नव्हतं, पण त्यासाठी दुसरी एक बाई पगारावर ठेवलेलीच होती. कथा घडते ओहायोतल्या एका गरीब घरात, जिथे खोल्या भाड्याने मिळतात. सिनेमातही घर गरीबच ठेवलं, फक्त मागच्या अंगणात संगमरवरी तरणतलाव आला.

मूळ नाटकातलं एकच माणूस स्टुडिओने उचललं, ते म्हणजे हॅटी क्रोनिन. ती घरमालकीण मिसेस टटल करायची. तिच्या अभिनयावर कोणी भाळलं होतं अशातला भाग नाही. स्टुडिओच्या पगारी नट्यांपैकी एकही आपण बावन्न वर्षांच्या आहोत हे कबूल करायला तयार नव्हती, एवढंच कारण. हॅटीला वयाची लाज नव्हती. तिने मिसेस टटलचे आठशे बारा प्रयोग केले होते, त्यातले तीन तापात आणि एक पायाचं हाड मोडलेलं असताना.

तिला फक्त एक गोष्ट हवी होती. तिचं गाणं सिनेमात राहायला हवं होतं. तीस वर्षं रंगभूमीवर घासली, पण पडदा पडला की सगळं हवेत विरून जातं. बघणारे म्हातारे होतात, मरतात, आणि मग बाई कशी गात होती हे सांगायला कोणी उरत नाही. सिनेमाचं तसं नसतं. डब्यात भरलं की राहतं. ते गाणं गेलं असतं, तर सिनेमात हॅटीच्या वाट्याला दोन वाक्यं उरत होती. एक, ‘जेवण वाढलंय’, आणि दुसरं, ‘हा टॉवेल घ्या’. दुसरं वाक्य तरणतलावामुळे नवीन मिळालेलं.

गाणं होतं मिसेस टटलच्या मेलेल्या नवऱ्यांचं. भिंतीवर ओळीने तसबिरी. ती एकेकाची धूळ पुसते आणि नवीन भाडेकरूला तो कसा गेला ते गाऊन सांगते. नाटकात नवरे पाच होते. सिनेमातली नीतिमत्ता सांभाळणाऱ्या कचेरीने कळवलं की एका बाईला पाच नवरे शोभत नाहीत. मग महिनाभर पत्रव्यवहार झाला आणि तीनवर सौदा पटला. अट एकच. तिन्ही नवरे रीतसर मेलेले असावेत, पळून गेलेला एकही चालणार नाही.

तर उरलेले तीन असे. पहिला तळ्यावरचा बर्फ पक्का झालाय का बघून येतो म्हणाला. झाला नव्हता. दुसऱ्याच्या आईने डबाभर आळंबी पाठवली, आणि ती खरं तर सुनेसाठी होती. तिसऱ्याने काहीच केलं नाही. खुर्चीत बसला होता. जेवायला हाक मारली, आला नाही. ‘दोन दिवस मी बोललेच नाही त्याच्याशी. मला वाटलं, रागावलाय.’

हे शेवटचं म्हणून हॅटी पाठ फिरवायची, तसबीर सरळ करायची आणि थांबायची. वाद्यंही थांबायची. थिएटर हशाने नुसतं फुटायचं. अकरा सेकंद. एखाद्या शनिवारी बारा, मंगळवारी दहा, पण सरासरी अकरा. पहिल्या नवऱ्याला पाच, दुसऱ्याला सात. या जागा तिने आणि वॉल्टरने मिळून बसवल्या होत्या. वॉल्टर तिचा नवरा, खाली वाद्यवृंदात ड्रमवर. हसण्याचा भर ओसरायला लागला की तो काठी जरा वर करायचा, आणि हॅटी पुढची ओळ उचलायची. वॉल्टर म्हणायचा, ‘लोक हसत असताना बोलणं म्हणजे त्यांच्या ताटातलं उचलून खाणं.’

गाण्याचं ध्वनिमुद्रण आधी झालं. हॅटीने हट्ट धरून तिन्ही जागा तशाच ठेवायला लावल्या. पाच, सात, अकरा. चाळीस वादक हातात वाद्यं धरून अकरा सेकंद एकमेकांची तोंडं बघत बसले. मग चित्रण. दिग्दर्शक लॉइड पेनिमन आजवर घोड्यांचे सिनेमे करत आला होता आणि घोड्यांना तो फार समजून घ्यायचा.

“थांबा, थांबा!” तो ओरडला. “बाई, ओळ विसरलात का?”

“नाही. ते हसतायत.”

“कोण?”

“लोक.”

लॉइडने मागे वळून बघितलं. मागे साठ माणसं उभी होती आणि एकही हसत नव्हतं. हसणार कसं? लाल दिवा लागला की शिंकलं तरी नोकरीवर पाणी सोडावं लागतं. दिवेवाल्याने अर्धा रुमाल तोंडात कोंबला होता, पण तो लॉइडला दिसेल अशा जागी उभा नव्हता.

“इथे कोणी हसत नाहीये, बाई.”

“इथे कशाला हसतील? ते सहा महिन्यांनी हसतील. तिकडे, कॅन्ससमध्ये.”

“आणि तोवर तुम्ही भिंतीकडे तोंड करून उभ्या राहणार?”

“अकराच सेकंद,” हॅटी म्हणाली. “तुमचे घोडे डोंगर चढतात तेव्हा मी कधी काही म्हटलंय का?”

लॉइडच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण गाणं आधीच मुद्रित झालेलं होतं. त्याने जसंच्या तसं चित्रित केलं आणि पुढचं निर्मात्यावर सोडून दिलं. हॉलिवूडमध्ये जबाबदारी अशीच पुढे पुढे जाते.

निर्माता होता मॉरिस फेल्ड. स्टुडिओच्या छोट्या प्रक्षेपणगृहात तो पहिल्या रांगेत एकटा बसायचा, बाकीचे मागे. तिथला शिरस्ता असा की मिस्टर फेल्ड हसल्याशिवाय कोणी हसायचं नाही. आणि मिस्टर फेल्ड काही विनोदाला हसत नसत. त्यांना अल्सर होता. त्यामुळे पडद्यावर हॅटीने तसबीर सरळ केली आणि थांबली, तेव्हा खोलीत अकरा सेकंद फक्त यंत्राची घरघर ऐकू आली.

“फिल्म अडकली का?” फेल्डने विचारलं.

“नाही सर,” मागून संकलक इर्मा व्हॉस म्हणाली. “ती लोकांच्या हसण्यासाठी जागा आहे.”

“कोण हसतंय? लॉइड, तू हसलास?”

“छे, सर!” लॉइड घाईघाईने म्हणाला.

“बघ. काप ते. सगळ्या जागा काप. लोक पडदा बघायला पैसे देतात, पाठ बघायला नाही.”

इर्माने कापलं. पांढरे सुती हातमोजे घालून, तोंडात न पेटवलेली सिगारेट धरून, वीस वर्षं ती सांगितलं तेवढं कापत आली होती. कापलेले तुकडे मात्र ती फेकायची नाही. डब्यावर नाव लिहून कपाटात ठेवायची, कारण वीस वर्षांत तिने साहेबांची मतं बदललेलीही पाहिली होती.

हॅटी संकलनाच्या खोलीत आली तेव्हा इर्माने तिला न विचारताच खुर्ची दिली.

“अगं, एकदा भरल्या थिएटरात दाखव म्हणावं त्याला,” हॅटी म्हणाली. “त्या चार मुडद्यांसमोर काय हसू येणार?”

“दाखवणारच आहेत. शुक्रवारी, पोमोनाला. पण कापून.”

“कापून दाखवलं तर माझं पुढचं ऐकूच येणार नाही, इर्मा.”

“मला कळतंय गं. मला कळून काय उपयोग? मी बाई, त्यातून कात्रीवाली.”

पोमोनाला शुक्रवारी संध्याकाळी थिएटर गच्च भरलं होतं. निम्मी कॉलेजची पोरं-पोरी. स्टुडिओची ही रीत जुनीच आहे. नवा सिनेमा एखाद्या गावात न सांगता लावायचा, बाहेर पडताना प्रत्येकाच्या हातात एक कार्ड द्यायचं, आणि मग लाखो डॉलरचा निर्णय ज्याला घरी जायची घाई आहे अशा माणसाने पेन्सिलीने काय खरडलंय त्यावरून घ्यायचा.

पहिला नवरा बर्फावर गेला आणि थिएटर हसलं. दुसरी ओळ त्या हसण्यात बुडाली. आळंबी आली, पण ती कोणी कोणासाठी पाठवली ते निम्म्या लोकांना कळलंच नाही. उरलेले निम्मे इतके हसले की तिसरा नवरा आला कधी आणि मेला कधी, याचा पत्ता लागला नाही. ‘काय म्हणाली? काय म्हणाली?’ असं रांगारांगांतून चाललं होतं. मागच्या रांगेत हॅटी खुर्चीचे हात घट्ट धरून बसली होती. लोक हसत होते आणि तिचं गाणं त्यांच्या हसण्याखाली चिरडून मरत होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिला हसणाऱ्या माणसांचा संताप आला.

सोमवारी फेल्डच्या दालनात कार्डांचे ढीग लागले होते.

“एकशे त्रेचाळीस,” फेल्ड म्हणाला. “एकशे त्रेचाळीस लोक लिहितात, म्हातारीचं गाणं ऐकू आलं नाही. हॅटी, तुझ्याबद्दल मला आदर आहे. पण एवढी माणसं खोटं बोलतील का?”

“ते खरंच बोलतायत, मिस्टर फेल्ड. हसत होते, म्हणून ऐकू आलं नाही.”

“हसत होते असं कुठे लिहिलंय?”

“तुम्ही तिथे होतात ना! तुमच्या कानांनी ऐकलंत की!”

“माझे कान हे एका माणसाचे कान आहेत,” फेल्ड नम्रपणे म्हणाला. त्याला ही नम्रता फार महागात पडत असावी. “ही कार्डं जनता आहे. कार्डावर हसण्याचा रकाना नाही. ऐकू न येण्याची तक्रार आहे. गाणं काढलं की तक्रार संपली.”

“मग पोटात दुखलं तर पोटच काढता का तुम्ही?”

“डॉक्टर तेच म्हणतायत,” फेल्ड उदासपणे म्हणाला आणि दुधाचा पेला उचलला.

गाणं गेलं. हॅटीच्या हातात टॉवेल तेवढा उरला. ती सरळ इर्माच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं आणि उभ्या उभ्याच रडली. मग डोळे पुसून म्हणाली, “ते तुकडे कुठायत?”

इर्माने कपाटाकडे बघितलं. “उद्या दुपारी ग्लेन्डेलला दुसरा खेळ आहे. गाण्याशिवाय.”

“मला ठाऊक आहे.”

“रीळ मीच घेऊन जाणार आहे.”

“तेही मला ठाऊक आहे.”

“माझी नोकरी जाईल, हॅटी.”

“जाईल खरी,” हॅटी म्हणाली. खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं होतं. “मी तुला कर म्हणत नाही. फक्त एकदा, एकदाच, ते पूर्ण लागायला हवं होतं. लोक कसे हसतात ते त्याने ऐकलं असतं.”

इर्माने तोंडातली सिगारेट काढली, तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा तोंडात ठेवली. मग हातमोजे चढवले.

मंगळवारची दुपार. शुक्रवारची संध्याकाळ कोणाला मिळते आणि मंगळवारची दुपार कोणाला, याचा विचार दोघींपैकी एकीनेही केला नव्हता. आठशे माणसांच्या थिएटरात जेमतेम साठ डोकी. जवळजवळ सगळ्या साठीच्या पुढच्या बायका. टोप्या, पिशव्या, विणकाम. दुपारी तिकीट अर्ध्या दरात मिळतं, आणि संध्याकाळी त्यांना घरी न्यायला कोणी येणारं नसतं, म्हणून त्या दुपारी येतात. हॅटीला आत शिरताच हे दिसलं. अशा थिएटरात सात सेकंदही कठीण. आणि पडद्यावर ती अकरा थांबणार होती.

रंगमंचावर असती तर तिने निभावून नेलं असतं. प्रेक्षक थंड आहेत असं कळलं की ती जागा अर्ध्यावर आणायची, तसबिरीला नुसतं बोट लावून पुढे जायची. कोणालाही कळायचं नाही. पण पडद्यावरची बाई ठार बहिरी होती. तिला समोर साठ म्हाताऱ्या बसल्यात की सहाशे पोरं, काही ऐकू येणार नव्हतं. जिच्यासाठी एवढा आटापिटा केला, जी कायमची डब्यात राहणार, ती ही.

गाणं सुरू झालं. पुढच्या रांगेत फेल्डची मान ताड्‌कन सरळ झाली. लॉइडने हळूच आपली खुर्ची बदलली.

पहिला नवरा बर्फावर गेला. कोणी हसलं नाही. पाच सेकंद मिसेस टटल तसबिरीवरून फडकं फिरवत राहिली. विणकामाच्या सुया थांबल्या. आळंबीला एक बाई हसल्यासारखी झाली आणि तिने लगेच तोंडावर हात ठेवला. हॅटी खुर्चीत खाली खाली सरकत होती. आता जमीन दुभंगली असती तर तिने आभार मानले असते.

‘दोन दिवस मी बोललेच नाही त्याच्याशी. मला वाटलं, रागावलाय.’

मिसेस टटलने पाठ फिरवली. तसबीर सरळ केली. आणि थांबली.

एक, दोन, तीन. रुंद पडद्यावर एक जाडी पाठ, एप्रनची गाठ, तसबिरीवरचा हात. चार, पाच. कुठेतरी पिशवीची चेन उघडल्याचा आवाज झाला. कोणीतरी रुमाल शोधत होतं. सहा, सात. शेजारच्या रांगेतून नाक ओढल्याचा आवाज आला. मग आणखी एक. हॅटी मोजायची थांबली. आठशे बारा वेळा तिने ती तसबीर सरळ केली होती आणि त्यातला माणूस मेलेला आहे हे तिच्या एकदाही मनात आलं नव्हतं. वॉल्टर नाटकाच्या दुसऱ्या वर्षी, प्रयोग चालू असतानाच गेला. सकाळी पुरलं आणि रात्री ती उभी राहिली, खाली नवा ड्रमवाला होता. त्या रात्री तिसऱ्या नवऱ्याला तेरा सेकंद हसले होते. ती किती खूश झाली होती!

खेळ संपल्यावर ती बाहेर पडत होती, तर फिकट निळी टोपी घातलेल्या एका म्हातारीने तिला ओळखलं आणि दोन्ही हात धरले. म्हातारीचे डोळे सुजले होते.

“तुमचे खरे किती गेले हो?”

हॅटीच्या जिभेवर तीन उत्तरं तयार होती. तिन्ही हमखास हशा मिळवणारी.

“एकच,” ती म्हणाली.

“एक पुरतो,” म्हातारी म्हणाली, तिचे हात थोपटले आणि बस पकडायला गेली.

तेवढ्यात फेल्ड कार्डांचा गठ्ठा नाचवत आला. इर्मा मागे पर्स छातीशी धरून, नोकरी गेलेल्या माणसाच्या चेहऱ्याने उभी होती.

“साठांपैकी एक्कावन्न!” फेल्ड ओरडला. “एक्कावन्न लिहितात, सगळ्यात आवडलं ते विधवेचं गाणं. रडलो म्हणतात. हॅटी, अगं हे रडायचं गाणं आहे हे तू आधी का नाही बोललीस? सहा महिने आम्हाला हसायचं म्हणून सांगत होतीस! इर्मा, ते रीळ कोणाच्या डोक्यातून निघालं ते मी विचारत नाही. माझ्याच निघालं असणार. आता ऐका. गाणं राहील, पूर्ण राहील. जाहिरातीत तसबिरीपाशी हॅटी. देशभर दौरा, वीस शहरं. आणि त्या रिकाम्या जागा आहेत ना, तिथे व्हायोलिनं घालू. चाळीस!”

हवं होतं ते मिळालं होतं. नाचायला हवं होतं. हॅटी भिंतीला टेकून उभी राहिली.

“व्हायोलिनं नकोत,” ती म्हणाली.

“अगं, रडायला मदत होईल लोकांना!”

“व्हायोलिनं घातलीत तर मी दौऱ्यावर येणार नाही. एकाही शहरात नाही. पोहणाऱ्या बाईला पाठवा, तिला विचारतील तिचे किती नवरे गेले.”

फेल्डने कार्डांकडे बघितलं. कार्डं काही बोलेनात. त्याने खिशातून गोळी काढली आणि पाण्याशिवायच गिळली.

“बरं, बरं. व्हायोलिनं नाहीत. पण मला एवढंच सांग, अकरा सेकंद पडद्यावर काही नाही, आवाज नाही, काही नाही. लोकांनी तिथे करायचं तरी काय? हसायचं, का रडायचं?”

“मला काय माहीत?” हॅटी म्हणाली. तीस वर्षांत हे वाक्य तिने पहिल्यांदाच म्हटलं होतं. “पोमोनाला हसतील, इथे रडतील. ज्याचं त्याला कळेल, मिस्टर फेल्ड. तुम्ही तेवढा वेळ गप्प बसा म्हणजे झालं.”